समुद्रतळाचे शेजारी

[सांगली आणि सातारा हे जिल्हे समुद्रापासून दूर आहेत. तरीही समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जीवांशी आपले नाते आहे. हे जीव एकमेकांवर कसे अवलंबून असतात आणि आपल्या वागण्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे या पाठात एका सहलीच्या निमित्ताने सांगितले आहे.]

"सर, आपल्याकडे समुद्रच नाही. मग आपण समुद्राचा धडा कशाला शिकायचा?"

सहलीच्या आदल्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला. सगळा वर्ग हसला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. सांगलीच्या मुलांनी कृष्णा पाहिलेली असते, साताऱ्याच्या मुलांनी घाट आणि धरणे पाहिलेली असतात. समुद्र मात्र अनेकांनी फक्त चित्रात पाहिलेला असतो. मी त्या मुलाला म्हणालो, "याचे उत्तर मी आज देणार नाही. सहलीहून परत आल्यावर तूच ते मला दे."

दुसऱ्या दिवशी आमची एस.टी. कोल्हापूरमार्गे निघाली. फोंडा घाट उतरून, कणकवलीवरून आम्ही रात्री मालवणला पोहोचलो. सहलीची तारीख मी मुद्दाम चंद्राचा हिशोब करून ठरवली होती. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला मोठी भरती येते आणि ओहोटीही मोठी लागते. भरती-ओहोटीला उर्दूत 'मद्द-ओ-जज़्र' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. मौलाना हाली यांच्या प्रसिद्ध मुसद्दसच्या नावात हाच शब्द आहे. त्या दिवशी आम्हांला 'जज़्र' पाहायचा होता, कारण ओहोटीच्या वेळीच समुद्र आपल्या तळाचा थोडासा भाग उघडा करून दाखवतो.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे फज्रची नमाज आटोपून आम्ही किनाऱ्यावर आलो. पाणी खूप मागे गेले होते. समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. किल्ला पाहायला दरवर्षी हजारो लोक येतात. परंतु किल्ल्याभोवतीचा समुद्रही तितकाच मोलाचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. शासनाने १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केले. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य होय.

मी मुलांना सांगितले, "पाहा, विचारा, वहीत लिहा. पण कोणताही जिवंत प्राणी जागेवरून उचलू नका. आपण येथे पाहुणे आहोत."

भोक पडलेला शिंपला

थोड्याच वेळात एक मुलगी धावत आली. तिच्या तळहातावर एक रिकामा शिंपला होता. शिंपल्याला एका टोकाजवळ गोल, गुळगुळीत भोक होते. सुताराने गिरमिटाने पाडावे तसे ते नेटके होते.

"सर, हे भोक कोणी पाडलं? यात दोरा ओवून माळ करता येईल."

मुले तर्क करू लागली. कोणी म्हणाले, दगड लागला असेल. कोणी म्हणाले, खेकड्याने चावा घेतला असेल. मी म्हणालो, "दगडाने शिंपला फुटतो. खेकडा तो मोडतो. असे गोल भोक पडत नाही. हे काम एका गोगलगाईचे आहे."

समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या काही गोगलगाई मांसाहारी असतात. अशी गोगलगाय वाळूखालून सरकत शिंपल्याजवळ येते. आपल्या रुंद, मऊ पायाने ती शिंपल्याला वेढून टाकते. शिंपला आपली दोन्ही झाकणे घट्ट मिटून घेतो. पण गोगलगाईला घाई नसते. ती आपल्या शरीरातील एक आम्लयुक्त द्रव शिंपल्याच्या कवचावर सोडते. त्यामुळे कवच मऊ पडते. मग कानशीसारख्या खरखरीत जिभेने ती तेथे घासत राहते. कित्येक तासांनी आरपार भोक पडते. त्या भोकातून ती आतला मऊ जीव खाऊन टाकते. आपल्या हातात येतो तो रिकामा शिंपला.

"बिचारा शिंपला!" ती मुलगी म्हणाली.

"बिचारा खरा," मी म्हणालो, "पण शिंपलाही कोणाला तरी खातोच. तो पाणी आत ओढतो, त्यातले अतिशय बारीक जीव आणि कण गाळून खातो आणि पाणी बाहेर सोडतो. म्हणून जेथे शिंपले आणि कालवे भरपूर असतात, तेथील पाणी स्वच्छ राहायला मदत होते. आपल्याकडे पाणी शुद्धीकरण केंद्र असते, तसे हे समुद्राचे केंद्र. त्याला वीज लागत नाही."

वाळूवर सगळीकडे मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. ती लहान खेकड्यांनी केलेली होती. हे खेकडे ओली वाळू तोंडात घेतात, तिच्यावरचे अन्नाचे कण खातात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकून देतात. भरती आली की सगळ्या गोळ्या पुसल्या जातात. पुढच्या ओहोटीला खेकडे पुन्हा कामाला लागतात. तळाची झाडलोट अशी रोज चालू असते.

पिशवी हलली

इतक्यात मागून किंकाळी ऐकू आली. एका मुलीने घरी नेण्यासाठी वीस-पंचवीस सुंदर शंख गोळा करून पिशवीत भरले होते. ती पिशवी आपोआप हलू लागली होती. मुलगी पिशवी टाकून पळाली. मुले हसून हसून बेजार झाली.

पिशवी वाळूवर रिकामी केली, तेव्हा तीन शंख चालू लागले. त्यांच्यातून बारीक पाय बाहेर आले. हे शंखात राहणारे खेकडे होते. त्यांना संन्यासी खेकडे म्हणतात. या खेकड्याचे पोट मऊ असते. त्याला स्वतःचे कवच नसते. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. अंग वाढले की शंख अपुरा पडतो. मग त्याला मोठा शंख शोधावा लागतो. चांगल्या शंखासाठी या खेकड्यांची आपसात मारामारीही होते.

"म्हणजे सर, मी त्यांची घरं पिशवीत भरली होती?" मुलीने हळू आवाजात विचारले.

"रिकामा शंख आपल्याला शोभेची वस्तू वाटतो. त्यांना ते घर असते," मी म्हणालो.

कोणी काही सांगण्यापूर्वीच तिने सगळे शंख एकेक करून वाळूवर परत ठेवले. तिचे पाहून आणखी चार-पाच जणांनी आपले खिसे रिकामे केले.

काही समुद्री खेकडे आपल्या शंखावर समुद्रफूल बसवून घेतात. समुद्रफूल दिसते फुलासारखे, पण तो प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या बाहूंना विषारी दंश असतो. त्या दंशाच्या भीतीने शत्रू खेकड्याजवळ येत नाही. समुद्रफुलाला आयते फिरायला मिळते आणि खेकड्याच्या जेवणातले उरलेसुरले कणही मिळतात. उष्ण समुद्रांत याहून नवलाची एक जोडी आढळते. एक कोळंबी तळाच्या वाळूत बीळ खणते, पण तिची नजर अतिशय अधू असते. त्याच बिळात एक लहान मासा राहतो. तो दाराशी पहारा करतो. कोळंबी काम करताना आपली मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी हलवतो आणि दोघेही आत शिरतात. एकाने घर बांधायचे, दुसऱ्याने राखण करायची! दोघांचाही फायदा होणाऱ्या अशा एकत्र राहण्याला सहजीवन म्हणतात.

जागेसाठी भांडण

मग आम्ही खडकाळ भागाकडे गेलो. खडकावर बोट ठेवायलाही मोकळी जागा नव्हती. वरच्या बाजूला पांढऱ्या, टोकदार बार्नेकलांचा थर होता. त्याखाली कालवे चिकटलेली होती. आणखी खाली हिरवे-तपकिरी शैवाल पसरले होते. खडकाच्या फटींत समुद्रफुले होती.

"येथे सगळ्यांत महाग वस्तू कोणती?" मी विचारले.

"अन्न," एकजण म्हणाला.

"अन्न लाट आणून देते. येथे सगळ्यांत महाग आहे ती जागा. मुंबईत जशी माणसांना जागा मिळत नाही, तशी येथे या जीवांना मिळत नाही. ज्याला चिकटायला खडक मिळाला, तो जगला."

मग मी मुलांना एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यात असाच एक खडकाळ किनारा आहे. तेथे काळे शिंपले, बार्नेकल, गोगलगाई, शैवाल असे अनेक जीव दाटीवाटीने राहत होते. त्यांच्यात तारामासाही होता. तारामासा शिंपले खात असे. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, तारामासा नसता तर काय झाले असते? १९६३ साली त्यांनी किनाऱ्याचा एक लहानसा पट्टा निवडला. त्या पट्ट्यातले तारामासे ते उचलून दूर समुद्रात टाकू लागले. शेजारचा पट्टा त्यांनी तसाच राहू दिला.

आपल्याला वाटेल, शिकारी गेला म्हणजे सगळे सुखी झाले असतील. घडले उलटेच. खाणारा कोणी उरला नाही, म्हणून काळे शिंपले भराभर वाढले. त्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली. सुरुवातीला त्या पट्ट्यात १५ जातींचे जीव होते. त्यांतील फक्त ८ उरले. शेजारच्या पट्ट्यात मात्र सगळे पूर्वीसारखेच राहिले. पेन यांनी हा प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध केला.

जुन्या मशिदीची किंवा वाड्याची दगडी कमान तुम्ही पाहिली असेल. कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड असतो. तो इतर दगडांपेक्षा फार मोठा नसतो. पण तो काढला तर सगळी कमान कोसळते. काही जीवांचे स्थान असे असते. त्यांची संख्या थोडी असली, तरी सगळ्या वस्तीचा तोल त्यांच्यावर असतो. पेन यांनी अशा जीवांना कमानीच्या या दगडाचेच नाव दिले. मराठीत त्यांना आधारस्तंभ प्रजाती म्हणतात.

"सर, याचा अर्थ शिकारीसुद्धा शेजारीच की!" मघाशी शिंपल्याची दया आलेली मुलगी म्हणाली.

असेच दुसरे उदाहरण उत्तर पॅसिफिक महासागरातले आहे. तेथे समुद्रात राहणारे पाणमांजर आढळते. पाणमांजराला आपल्याकडे ऊद असेही म्हणतात. त्याच्या मऊ केसाळ कातड्यासाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत माणसांनी त्याची बेसुमार शिकार केली. ते जवळजवळ नाहीसे झाले. १९११ साली देशादेशांत करार होऊन त्याला संरक्षण मिळाले. पुढे १९७४ साली जेम्स एस्टेस आणि जॉन पामिसानो या शास्त्रज्ञांनी अल्युशियन बेटांची तुलना केली. जेथे पाणमांजरे परत वाढली होती, तेथे समुद्रतळावर केल्प नावाच्या उंच शैवालाचे जंगल उभे होते. जेथे ती नव्हती, तेथे तळ उजाड होता. पाणमांजर समुद्री साळिंदर खाते. समुद्री साळिंदर म्हणजे काट्यांनी भरलेला, चेंडूसारखा एक प्राणी. तो शैवाल खातो. पाणमांजर गेले, साळिंदरे वाढली आणि त्यांनी जंगलच फस्त केले. जंगल गेले, तेव्हा त्याच्या आडोशाने वाढणाऱ्या माशांचा निवाराही गेला. दूरच्या बाजारात विकल्या गेलेल्या कातड्यांची किंमत समुद्राच्या तळाने मोजली.

जिवंत दगड

ऊन वर येऊ लागले होते. एका स्थानिक नावाड्याने आम्हांला खडकातले एक खोल डबके दाखवले. पाण्याच्या तळाशी तपकिरी-हिरवट रंगाचा, मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला दगड होता.

"हा दगड नाही," नावाडी म्हणाला, "हे प्रवाळ आहे. जिवंत आहे. पाय देऊ नका."

अंगठीत बसवतात ते पोवळे वेगळ्या प्रकारच्या प्रवाळाचे असते. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ म्हणजे हजारो लहान जीवांची वसाहत. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात अतिशय सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा भाग प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला राहायला जागा देतो. प्रवाळाचा सुंदर रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच असतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर लांब पसरलेली प्रवाळांची रांग आहे. ती याच भागीदारीवर उभी आहे.

मात्र ही भागीदारी नाजूक आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झाले तर शैवाल परत येते, नाहीतर प्रवाळ उपासमारीने मरतो. १९९८ साली जगभर अशी मोठी आपत्ती आली. त्यानंतर २०१० मध्ये, २०१४ ते २०१७ या काळात आणि पुन्हा २०२३ पासून ती आली. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन आढळले आहे. पाणी गढूळ झाले तरी प्रवाळाचे नुकसान होते, कारण गाळामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही.

"बारकी ऱ्हवांदेत"

दुसऱ्या दिवशी देवगडकडे जाताना आम्ही एका खाडीच्या काठी थांबलो. एक वयस्कर बाई ओहोटीच्या चिखलात उभी राहून खडकावरची कालवे काढत होती. हातात लहान लोखंडी हत्यार, कमरेला टोपली. ती मोठी कालवे काढत होती आणि लहान तशीच सोडत होती.

एका मुलाने विचारले, "आजी, ही लहान का नाही घेतली?"

आजी मालवणी बोलीत म्हणाली, "बारकी ऱ्हवांदेत रे. आज सगळी काढलस तर उद्या काय काढतलस?" म्हणजे, लहान राहू देत. आज सगळी काढलीस तर उद्या काय काढशील?

पेन यांनी जे प्रयोगाने दाखवले, त्यातला अर्धा धडा या आजीला अनुभवाने ठाऊक होता. परंतु सगळेच असे वागत नाहीत. काही यांत्रिक नौका मोठी वजनदार जाळी समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. कोळंबी हवी असते, पण जाळ्यात समुद्रफुले, तारामासे, शंख आणि माशांची बारीक पिल्लेही येतात. त्यातले बरेचसे मरतात. शेत नांगरावे तसा तळ पुन्हा पुन्हा नांगरला जातो. शेतात नांगरणीनंतर पेरणी होते. समुद्रात ती कोण करणार?

किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. मासेमारीला शिस्त लावण्यासाठी महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. मासे अंडी घालतात त्या पावसाळ्याच्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास बंदी असते. तरीही नियम मोडले जातात आणि भांडणे होतात. मालवणला अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा आपली रोजी जाईल या भीतीने तेथील मच्छीमारांनी विरोध केला होता. त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. समुद्रतळ वाचवायचा, तर त्याच्यावर पोट असणाऱ्या माणसांना बरोबर घेऊनच तो वाचवावा लागेल. कारण तळ उजाड झाला, तर सगळ्यांत आधी उपाशी राहणार तेच.

प्रश्नाचे उत्तर

परतीच्या प्रवासात मी फळ्याऐवजी बसच्या काचेवर बोटाने नकाशा काढला. काचेवर धूळ भरपूर होती, त्यामुळे नकाशा छान उमटला.

"तुझे मामू कोठे राहतात?" मी पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला विचारले.

"पाटणला, सर. कोयनेच्या काठी."

"कोयनेचे पाणी कोठे जाते?"

"कराडला कृष्णेला मिळतं. मग आपल्या सांगलीला येतं."

"सगळे?"

तो गप्प झाला. मग मी सांगितले. कोयना धरणाचे बरेचसे पाणी डोंगरातील बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे नेतात. पोफळीच्या वीजगृहातून ते वासिष्ठी नदीत पडते, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे पश्चिमेला सोडण्याची तरतूद आहे. म्हणजे सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊस कोकणच्या खाडीत जातो. खाडीतले पाणी किती गोडे आणि किती खारे, यावर तेथे कोणते शिंपले जगतील हे ठरते. आपल्या घरात दिवा लागतो, तेव्हा त्या पाण्याशी आपलाही संबंध येतो.

उरलेली कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पूर्वेला जाते. महाबळेश्वरला ती उगम पावते, तेथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर आहे. पण ती सुमारे १,४०० किलोमीटर प्रवास करून आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे खारफुटीची जंगले आहेत. नदीने आणलेल्या गाळात खेकडे, शिंपले आणि कोळंबी वाढतात. आज धरणांमुळे पुष्कळ गाळ वाटेतच अडतो आणि तेथील किनारा काही ठिकाणी झिजतो आहे. उसाच्या शेतात गरजेपेक्षा जास्त टाकलेले खत मात्र पाण्याबरोबर वाहत जाते. नद्यांतून असे खत समुद्रात गेले की शैवाल बेसुमार वाढते. ते मेल्यावर कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. तळाशी राहणाऱ्या जीवांना पळून जाता येत नाही. ते गुदमरून मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ दर उन्हाळ्यात असा मोठा मृत पट्टा तयार होतो.

"आणि समुद्रापर्यंत कशाला जायचे?" मी पुढे म्हणालो. "आपल्या कृष्णेच्या तळाशीही शिंपले आहेत. तेही पाणी गाळतात. त्यांची अगदी लहान पिल्ले माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस माशाबरोबर प्रवास करतात आणि मग सुटून तळाशी बसतात. मासा नसेल तर शिंपल्याची पुढची पिढी वाढणार नाही. कृष्णेत मेलेले मासे तरंगताना आपण पाहिले आहेत, वर्तमानपत्रात बातम्याही वाचल्या आहेत. त्या दिवशी फक्त मासे मरत नाहीत. पाणी स्वच्छ करणाऱ्या शिंपल्यांचे वाहनही बुडते. मग घाण वाढते आणि आणखी मासे मरतात."

बसमध्ये थोडा वेळ शांतता पसरली. मग तो मुलगा उभा राहिला.

"सर, उत्तर सांगू? समुद्र आपल्याकडे नाही, पण आपण समुद्राकडे रोज जातो. आपलं पाणी जातं, म्हणजे आपणच जातो."

मला आणखी काही सांगायचे उरले नव्हते. शेजाऱ्याचा हक्क मोठा असतो, असे आपल्या घरातील वडीलधारी माणसे नेहमी सांगतात. शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचे घर नव्हे. नदी जेथवर जाते, तेथवर आपला शेजार असतो.

सांगली आली. उतरताना मी पाहिले, त्या मुलीच्या हातात एकच वस्तू होती. तो भोक पडलेला शिंपला.

"सर, हा नेऊ ना? यात कोणी राहत नाही. भोक आहे, म्हणून संन्यासी खेकड्यालाही नको."

"खेकड्याला शंख लागतो, शिंपला नाही," मी हसून म्हणालो. "ने. पण माळ करू नकोस. वर्गाच्या कपाटात ठेव. पुढच्या वर्षीची मुले विचारतील, हे भोक कोणी पाडलं?"

शब्दार्थ

ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे (उर्दू : जज़्र)
भरती – समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे चढणे (उर्दू : मद्द)
गिरमिट – लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार
कानस – धातू किंवा लाकूड घासण्याचे खरखरीत हत्यार
शैवाल – पाण्यात वाढणारी साधी वनस्पती, शेवाळ
बळकावणे – जबरदस्तीने ताब्यात घेणे
बेसुमार – अतिशय, मर्यादा सोडून (हा शब्द उर्दूतील 'बेशुमार' या शब्दाशी जोडून पाहा.)
फस्त करणे – खाऊन संपवणे
विरंजन – रंग नाहीसा होणे
खारफुटी – खाऱ्या पाण्यात, चिखलात वाढणारी झाडे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने सहलीची तारीख चंद्राचा हिशोब करून का ठरवली?
(आ) मालवण सागरी अभयारण्य कोणत्या साली जाहीर झाले?
(इ) संन्यासी खेकडा रिकाम्या शंखात का राहतो?
(ई) प्रवाळ पांढरा केव्हा पडतो?

प्रश्न २. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "म्हणजे सर, मी त्यांची घरं पिशवीत भरली होती?"
(आ) "बारकी ऱ्हवांदेत रे."
(इ) "हे प्रवाळ आहे. जिवंत आहे. पाय देऊ नका."

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तारामासे काढून टाकल्यावर खडकावर कोणता बदल झाला?
(आ) कोळंबी आणि मासा एकमेकांना कशी मदत करतात?
(इ) कृष्णेतील मासे मेले, तर शिंपल्यांवर काय परिणाम होतो?

प्रश्न ४. 'नदी जेथवर जाते, तेथवर आपला शेजार असतो', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

प्रश्न ५. पुढील वाक्यांतील क्रियापदे भविष्यकाळात बदलून वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) शिंपला पाणी गाळतो.
(आ) खेकडे पुन्हा कामाला लागतात.
(इ) मुलीने सगळे शंख परत ठेवले.

उपक्रम : तुमच्या गावातील ओढा किंवा नदी पुढे कोणत्या नदीला मिळते आणि शेवटी कोणत्या समुद्राला जाते, ते नकाशात शोधा. वाटेत लागणाऱ्या गावांची नावे मराठीत आणि उर्दूत लिहून वर्गात लावा.